लिंबावर चढणाऱ्या तलंगांना खुराड्याची सवय कशी लावायची

तलंगा म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. दीड-दोन महिन्यांची ही पिल्लं दिवसभर खळ्यात, उकिरड्यावर, कपाशीच्या ओळींतून चरतात. दिवस कलला की खुराड्याकडे पाठ फिरवून लिंबाच्या म्हणजे कडुलिंबाच्या फांदीवर, धाब्याच्या (मातीच्या सपाट छपराच्या) काठावर नाहीतर उभ्या ट्रॉलीच्या फळीवर जाऊन बसतात. मग काठी, आरडाओरडा, पोरांची पळापळ. दुसऱ्या संध्याकाळी तीच पिल्लं खुराड्यापासून आणखी लांब थांबतात, कारण खुराडं म्हणजे मागे लागणारी काठी एवढंच त्यांना कळलेलं असतं.

कोंबडीला अंधारात जवळपास काहीच दिसत नाही. त्यामुळे रात्र कुठे काढायची हे ती उजेड असतानाच ठरवते, सूर्य मावळायच्या आगेमागे अर्ध्या-पाऊण तासात. तिला उंची हवी असते, पायात धरायला काहीतरी हवं असतं, आत शिरताना समोरचं दिसायला हवं असतं आणि आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गारवा हवा असतो. लिंबाची फांदी हे सगळं फुकट देते. खुराडं देत नसेल तर पिल्लू शहाणं आणि खुराडं चुकीचं. म्हणून आधी खुराडं सुधारायचं, मग पिल्लू. हा क्रम उलटा केला तर महिनाभर रोज रात्री बॅटरी घेऊन झाडाखाली उभं राहावं लागतं.

खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली वाढलेल्या पिल्लांना शिकवावं लागत नाही, आई जिथे जाते तिथे ती जातात. अडचण येते ती आई त्यांना टोचून दूर करते तेव्हा, साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात. आई परत फांदीवर जायला लागते आणि पिल्लं मधल्यामधे लटकतात. गिरिराज, वनराजा, कावेरी अशी मशीनवर उबवलेली, बल्बाखाली वाढवून विकत आणलेली पिल्लं तर आई म्हणजे काय हेच जाणत नाहीत. त्यांना दांडी म्हणजे काय इथपासून सुरुवात.

खुराडं संध्याकाळी सात वाजता तपासा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याचं खुराडं दिवसभर तापतं आणि सूर्य गेल्यावरही तासभर आतून उष्णता फेकत राहतं. पिल्लं आत का जात नाहीत याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं. सूर्यास्ताच्या वेळी खुराड्यात डोकं आणि हात घाला, दांडीच्या उंचीवर. चेहऱ्याला झळ लागली तर पिल्लांना दोष देऊ नका. साधे थर्मामीटर आणता आले तर आत एक, बाहेर सावलीत एक असे दोन लटकवा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंशांनी जास्त असेल तरी पिल्लं दारातून माघारी फिरतात.

उपाय साधे आहेत. पत्र्यावर चुन्याचे दोन हात द्या आणि त्यावर ज्वारीचा कडबा, पाचट किंवा पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) अर्धा फूट थर दोरीने बांधून टाका. पऱ्हाट्या वापरल्या तर उंदीर घर करतात आणि उंदरामागे साप येतो, म्हणून कडबा बरा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे लांब भिंतींवर दुपारचं ऊन थेट पडत नाही. उत्तर आणि दक्षिण बाजूला जाळी, दार पूर्वेला. पश्चिमेची भिंत बंद ठेवून दुपारी चार वाजता तिच्यावर ओलं गोणपाट टाकलं की सातपर्यंत फरक जाणवतो. धुळे-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीत उलट परिस्थिती: पारा १० अंशांखाली उतरतो, तेव्हा उत्तरेच्या जाळीला गोणपाट लावा, पण वर चार-सहा इंच फट उघडी सोडा. सगळं गच्च बंद केलं की विष्ठेचा झणझणीत वास कोंडतो, डोळ्यांना पाणी येतं आणि पिल्लं पुन्हा बाहेरच बरी असं ठरवतात.

२५ पिल्लांसाठी सात फूट लांब, पाच फूट रुंद आणि पाच-साडेपाच फूट उंच खुराडं पुरतं, दिवसा ती बाहेर चरत असतील तर. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ती कोंबडी आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही.

काळ्या मातीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. उन्हाळ्यात ही माती तडकते आणि जोत्याखाली हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यातून घूस, मुंगूस, साप सहज आत येतात. जोत्याभोवती दीड फूट रुंदीत जाळी आडवी पसरून तिच्यावर मुरूम आणि दगड चेपा. मार्चमध्ये एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा फिरून बघा.

दार पिल्लांसाठी वेगळं असावं: फूटभर उंच, दहा इंच रुंद. जमिनीपासून फूटभरापेक्षा वर असेल तर फळीचा उतार लावा, त्यावर दर चार-पाच इंचांवर आडवी पट्टी ठोका. उतार खडा नको. पिल्लू दोनदा घसरलं की तिसऱ्यांदा चढायला बघत नाही.

दांडी

मनगटाएवढी जाड लिंबाची किंवा बाभळीची फांदी साल काढून, काटे आणि गाठी घासून वापरा. सुताराकडून घ्यायची तर दोन इंच रुंद पट्टी, वरच्या दोन्ही कडा रंध्याने गोल केलेल्या. गुळगुळीत बांबू पावसाळ्यात घसरतो. लोखंडी पाइप तर नकोच: मेमध्ये तापतो, जानेवारीत गार पडतो.

दर पिल्लामागे १५ सेंटिमीटर दांडी, मोठी झाल्यावर २० ते २५. म्हणजे २५ पिल्लांना सुरुवातीला साडेसहा फुटांच्या दोन दांड्या आणि चार महिन्यांनी तिसरी. भिंतीपासून पहिली दांडी फूटभर सोडून, दोन दांड्यांमध्येही फूटभर अंतर.

उंचीबाबत जातीप्रमाणे चाला. सुरुवातीला सगळ्यांनाच फूटभर उंचीवर दांडी द्या. आठवड्याने शिडीसारखी तिरकी मांडणी करा, खालची दांडी एक फुटावर, वरची दीड-दोन फुटांवर. गावठी आणि झाबुआकडची कडकनाथ अंगाने हलकी, ती तीन-चार फुटांवर आनंदाने बसतात. वनराजा किंवा गिरिराजचे नर वजनदार होतात, त्यांना दोन फुटांच्या वर नेऊ नका. सकाळी उडी मारताना तळपाय फुटतो, गळू होतं आणि मग ते दांडीच सोडतात. कळपात सगळ्यांची जागा एकदा ठरली की शिडी काढून दांड्या एका उंचीवर केलेल्या बऱ्या. वरची जागा एकच असेल तर तिच्यासाठी रोज भांडण होतं आणि हरलेली पिल्लं बाहेर राहतात.

अंडी घालायच्या पेट्या अजून ठेवू नका, ठेवल्या असतील तर फळी लावून बंद करा. पेटी दांडीपेक्षा उंच किंवा उघडी असली की तलंगा तिच्यात झोपतात, आणि पुढे अंडी विष्ठेने माखलेली मिळतात.

कोंडण्याचा आठवडा

वय सहा ते आठ आठवडे, अंगावर पूर्ण पिसं आलेली, आणि बल्बाची ऊब बंद होऊन निदान आठवडा झालेला. याच सुमारास राणीखेत म्हणजे मानमोडीची आर-टू-बी लस टोचायची असते. लस आणि कोंडणं एकाच दिवशी करू नका, मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्या.

पिल्लांना संध्याकाळी खुराड्यात सोडा आणि पाच ते सात दिवस बाहेर काढूच नका. दाणा, पाणी, सगळं आत. इथे लोकांचा जीव कळवळतो आणि तिसऱ्या दिवशी दार उघडलं जातं. तीन दिवसांत पिल्लाला जागा कळते, घर कळत नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र दिवसभर बंद खुराड्यात ठेवणं जिवावर बेतू शकतं. तेव्हा खुराड्याला लागून सावलीचं, वरूनही जाळी असलेलं छोटं आवार करा आणि पिल्लांना दिवसा तिथे ठेवा, किंवा हे काम सरळ पावसाळ्यावर ढकला. २५ पिल्लांना उन्हाळ्यात पाच लिटरचं भांडं, दिवसातून दोनदा ताजं पाणी, माठातलं असेल तर उत्तम.

खाली दोन-तीन इंच भुसा किंवा भुईमुगाच्या शेंगांची टरफलं टाका. ओली झालेली गादी त्याच दिवशी काढा, नाहीतर रक्ती हगवण लागायला वेळ लागत नाही. कोपऱ्यांत पुठ्ठा किंवा पत्रा वाकवून गोलाई द्या: थंडीत किंवा घाबरल्यावर पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. दांडीवर बसायला शिकली की हा धोका जवळपास संपतो.

या आठवड्यातलं खरं काम रात्रीचं. अंधार पडल्यावर वीस-तीस मिनिटांनी, बॅटरीवर कापड बांधून मंद उजेडात आत जा. जी पिल्लं खाली बसलेली असतील त्यांना एकेक करून दोन्ही हातांनी, पंख अंगाशी दाबून उचला. दांडी पोटाखाली, पायांच्या पुढे टेकवा. पिल्लू आपोआप पाय वर घेतं आणि बोटं वळवतं. पकड बसल्याचं जाणवलं की मगच हात सोडा. पहिल्या रात्री निम्मी पुन्हा उतरतील. न बोलता परत बसवा, फार तर दोनदा, मग राहू द्या. चौथ्या-पाचव्या रात्री उचलायला दोन-चारच उरतात. यात एखादं कायम खाली राहत असेल तर त्याचे पाय बघा, लंगडं किंवा आजारी पिल्लू शिकवून शिकत नाही.

दार उघडण्याची पहिली संध्याकाळ

आठव्या दिवशी सकाळी दार उघडू नका. सूर्यास्ताच्या तासभर आधी उघडा. खानदेशात नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो आणि जूनअखेर सव्वासाताच्या आसपास, तेव्हा घड्याळाची वेळ पाठ करण्यापेक्षा रोज आभाळ बघा.

त्या दिवशी दुपारचा दाणा द्यायचा नाही. तासभरात पिल्लं खुराड्यापासून फार लांब जात नाहीत. सूर्य टेकायला आला की डबा वाजवायचा. डबा एकच, आवाज एकच, हाक एकच. आज आईने ‘ती ती ती’ म्हणायचं आणि उद्या मुलाने शिट्टी मारायची असं चालत नाही. डबा वाजवायची सवय कोंडलेल्या आठवड्यातच दाणा टाकताना लावून ठेवा. दर पिल्लामागे १० ते १५ ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा, म्हणजे २५ पिल्लांना ३०० ग्रॅमच्या आसपास, आणि तो खुराड्याच्या आत, मागच्या भिंतीजवळ. उंबऱ्यावर टाकला तर पिल्लं उंबऱ्यावर खातात आणि परत फिरतात. यासाठी दादरसारखी चांगली ज्वारी खर्ची घालू नका, चाळणीखालची ज्वारी चालते. सरकी आणि सरकीची ढेप कोंबड्यांपासून लांबच ठेवा. सरकीतला विषारी घटक म्हशीला चालतो, कोंबडीला नाही.

पुढे रोज अर्ध्या तासाने लवकर सोडत जा. आठ-दहा दिवसांत दुपारपासून बाहेर, दोन आठवड्यांनी सकाळपासून. संध्याकाळचा मुठभर दाणा मात्र कायमचा. तो बंद केला की महिन्याभरात चार तलंगा लिंबावर दिसतातच.

उजेडाचं गणित बहुतेकांचं उलटं असतं. बाहेर अजून संधिप्रकाश असतो तेव्हा जाळी लहान असलेल्या खुराड्यात आधीच काळोख झालेला असतो, आणि काळोखात पिल्लू पाऊल टाकत नाही. मागच्या बाजूला, दांडीच्या वर, पाच वॉटचा पिवळसर एलईडी लावा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी चालू, सगळी बसल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बंद. दाराच्या वर लावला तर डोळ्यांवर उजेड येतो आणि मागचं दिसत नाही. लाइट जाण्याचा भरवसा नाही, म्हणून सोलर किंवा बॅटरीचा दिवा हाताशी असू द्या: पिल्लं खाली दाणा टिपत असताना अचानक अंधार झाला तर ती जिथल्या तिथे बसतात आणि ती रात्र जमिनीवर जाते. रात्रभर दिवा चालू ठेवणं ही वेगळी चूक. पिल्लं झोपत नाहीत, एकमेकांची पिसं उपटतात, आणि किड्यांमागे पाली, पालींमागे साप.

कळपात खुराड्यात जायची पक्की सवय असलेली एखादी मोठी, शांत कोंबडी असेल तर तिला या पंधरवड्यात पिल्लांबरोबर ठेवा, निम्मं काम ती करते. भांडकुदळ मात्र नको. ती दारातच उभी राहून टोचते.

जी आधीच झाडावर चढली आहेत

फांदीवर पंधरा-वीस रात्री काढलेली तलंग झाड सोडायला वेळ घेते. तिच्यासाठी कोंडण्याचा काळ दहा ते चौदा दिवस धरा. पकडायचं ते रात्रीच, पूर्ण अंधार झाल्यावर, कारण तेव्हा ती पळत नाही. दिवसा पाठलाग करून पकडलेली कोंबडी चार दिवस माणसाला जवळ येऊ देत नाही.

झाडाचं आकर्षणही कमी करा. खालच्या फांद्या सहा-सात फुटांपर्यंत छाटा, झाडाला टेकवलेली शिडी, ट्रॉली, पऱ्हाट्यांचा ढीग हलवा. कोंबडी एका झेपेत वर जात नाही, पायऱ्या करत जाते. धाब्यावर चढत असतील तर ती भिंतीला लागून असलेल्या चाऱ्याच्या गंजीवरून चढतात, गंजी चार हात सरकवा. एका पंखाची पुढची दहा लांब पिसं अर्ध्यावर कापण्याचा उपायही आहे, दोन्ही पंखांची कापली तर तोल साधून ती पुन्हा उडते. पण तीन-साडेतीन महिन्यांच्या आतल्या पिल्लांची पिसं अजून उगवत असतात. ज्या पिसाची मुळाकडची दांडी निळसर-काळपट दिसते त्यात रक्त असतं, ते कापायचं नाही. चुकून कापलं गेलं तर हळद दाबून धरा आणि रक्त थांबेपर्यंत बाकीच्यांपासून वेगळं ठेवा, लाल दिसलं की सगळ्या मिळून टोचतात. केळीच्या बागेला किंवा उसाला लागून वस्ती असेल तर पंख कापायचा विचार दोनदा करा: रानमांजर, कोल्हा आला तर दिवसा तिच्याजवळ पळण्याशिवाय दुसरं काही उरत नाही.

सवय लागली होती, आता अचानक आत जात नाहीत

चांगल्या शिकलेल्या तलंगा एका संध्याकाळी दारात येऊन थबकल्या, मान लांब करून आत बघत राहिल्या, तर आधी साप शोधा. उजेडातच, काठीने गादी उलथून, छपराच्या कडबा-पत्र्यातल्या फटीही बघा. सर्पमित्राला बोलवा, स्वतः हात घालू नका.

साप नसेल तर गोचीड. हिचा कोणाला संशय येत नाही, कारण मोठी गोचीड कोंबडीच्या अंगावर दिवसा सहसा सापडत नाही. दिवसभर दांडीच्या गाठीत, भिंतीच्या भेगेत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिते. खानदेशासारख्या कोरड्या, उष्ण भागात ती चांगलीच पोसते. तुरे फिकट पडतात, पिल्लं रात्री दांडीवर पाय आपटतात, शेवटी बाहेर झोपायला लागतात. रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू, दांडी भिंतीत घुसते तो सांधा आणि विटांच्या फटी बघा. दांडीच्या खालून पांढरा कागद ओढला आणि त्यावर लाल डाग उमटले तर त्याहून बारीक लाल किडेही आहेत. दांड्या बाहेर काढून उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस उन्हात टाका. भिंतीच्या भेगा चुना-मातीने बुजवा, आतून चुन्याचा हात द्या. गोचीड दाणापाण्याशिवाय महिनोन्‌महिने तग धरते, त्यामुळे खुराडं महिनाभर रिकामं ठेवून ती मरत नाही. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या, फवारताना कोंबड्या बाहेर आणि खुराडं पूर्ण वाळल्यावरच आत. कपाशीवर मारायचं उरलेलं औषध खुराड्यात मारण्याचा मोह होतो. त्यात गोचिडीआधी कोंबड्या जातात.

याशिवाय नवी जनावरं कळपात घातली असतील, खुराडं दहा फूट सरकवलं असेल, दाराला नवा निळा रंग दिला असेल, तरी कोंबड्या बिचकतात. सरकवलं तर पुन्हा दोन-तीन दिवस कोंडा. नवी पिल्लं घालायची तर रात्री, जुन्या कोंबड्या दांडीवर बसलेल्या असताना, त्यांच्या शेजारी न बसवता दुसऱ्या दांडीवर बसवा.

दार लावताना रोज मोजा. दांडीवर ओळीने बसलेल्या मोजणं सोपं असतं, अर्धं मिनिट लागतं. एखादी कमी भरली तर तेव्हाच गोठा, गव्हाण आणि बैलगाडीच्या साठ्या बघा, कारण जिथे ती आज झोपेल तिथे उद्या दोघी जातील. कडी अशी हवी की ती वर उचलून मग सरकवावी लागेल. नुसती सरकती कडी कुत्रा नाकाने उघडतो. सकाळी दार सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासाने, कोल्ह्याची फेरी संपल्यावर. तलंगा अंड्यावर आल्या की पेट्या उघडा आणि तेव्हापासून सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आतच ठेवा, नाहीतर अंडी पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली शोधावी लागतात.